पूर्णपणे कार्यान्वित होईपर्यंत

शासनाच्या मालकीच्या वस्तू किती आहेत हे शासनाला कळावे, म्हणून शासनाने एक कार्यालय काढले, आणि त्या कार्यालयाला ज्या वस्तू लागल्या त्यांची भर मूळच्या वस्तूंत पडली. नागपूरचे विभागीय साधनसामग्री नियोजन कार्यालय ते हेच. विदर्भातल्या सरकारी कचेऱ्यांतली टेबले, खुर्च्या, पंखे, माठ आणि माठांखालच्या तिवया मोजणे, त्यांचे आयुर्मान ठरवणे आणि ते संपल्यावर त्यांना रीतसर निरोप देणे हे त्याचे काम. सन १९८३च्या मार्चमध्ये या कार्यालयात एकाच टपालाने दोन कागद आले. पहिल्यात लिहिले होते, की मोजणी जलद व्हावी म्हणून कार्यालयास एक संगणक मंजूर करण्यात येत आहे. दुसऱ्यात लिहिले होते, की अधीक्षक श्री. मनोहरराव डांगरे यांची बदली सिरोंचा येथे करण्यात येत आहे.

मनोहररावांनी पहिला कागद बाजूला सारला. दुसरा त्यांनी उभ्याने वाचला, मग बसून वाचला, मग चष्मा पुसून वाचला. तिन्ही वेळा सिरोंचाच निघाले.

सिरोंचा त्यांनी कधी पाहिले नव्हते. कचेरीतल्या नकाशात ते इतके खाली होते, की बघायला वाकावे लागे, आणि अधीक्षकाने वाकायचे ते फक्त साहेबांपुढे, असा संकेत होता. पण त्यांच्या भीतीचे मूळ भूगोलात नव्हते, जेवणात होते. रात्री पाटावर बसावे, पत्नीने, प्रमोदिनीबाईंनी, गरम पोळी वाढावी, दिवसभरात कोण कसा चुकला हे आपण सांगावे आणि त्यांनी 'हं' म्हणावे. या 'हं'वर मनोहररावांची सगळी नोकरी उभी होती. बदली म्हणजे भाड्याची खोली, रॉकेलचा स्टोव्ह आणि भिंतीकडे तोंड करून गिळलेला खानावळीचा डबा. त्यांच्या ओळखीचे एक लेखापाल बदलीहून परत आले ते घरीही भिंतीकडे तोंड करून जेवू लागले. बायकोला वाटले, रागावले.

"मी येत नाही," प्रमोदिनीबाईंनी त्याच रात्री सांगून टाकले. "पोरीचं कॉलेज आहे. आन् धरमपेठेतलं घर एकदा सोडलं, तं या भाड्यात पुन्हा मिळते का?"

"तुम्ही चला असं मी कुठे म्हणून राहिलो? मी म्हणून राहिलो, मीच जात नाही."

"सरकार काय तुमच्या सासऱ्याचं आहे?"

"सासऱ्याचं असतं तं केव्हाच गेलो असतो," मनोहरराव म्हणाले, आणि ताटावरून उठून, बाजूला सारलेला पहिला कागद काढून बसले. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. सरकारी नोकराला कलमाचा. तो आधार सातव्या कलमात निघाला: 'प्रत्येक कार्यालयाने संगणकासाठी एका जबाबदार कर्मचाऱ्याची संगणक-पालक म्हणून नेमणूक करावी. यंत्रणा पूर्णपणे कार्यान्वित होईपर्यंत सदर पालकास कार्यमुक्त करण्यात येऊ नये.'

त्या रात्री त्यांना शांत झोप लागली.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारले, "पालक कोण होतो?" तेव्हा अख्खी कचेरी एकाएकी कामाला लागली. संगणकाविषयी सर्वांना दोन गोष्टी ठाऊक होत्या. तो बिघडला तर किंमत पगारातून कापतात, आणि तो बिघडला नाही तर माणूसच कापतात. अशा शांततेत मनोहरराव उभे राहिले.

"तुम्ही?" वरिष्ठ लिपिक सिंधूताई रामटेके चष्म्यावरून बघत म्हणाल्या. सिंधूताई कचेरीत सर्वांशी खरे बोलत आणि त्यामुळे त्यांच्याशी कोणी फारसे बोलत नसे. "मनोहरराव, तुम्हाले तं भिंतीवरच्या घड्याळाले चावी देता येत नाही. ती धोंडबा शिपाई देते."

"पालकत्वाले चावी लागत नाही, सिंधूताई. जबाबदारीची जाणीव लागते."

"असं का? मग ही जाणीव तुम्हाले काल टपाल यायच्या आधी झाली का नंतर?"

नेमणुकीचा आदेश निघाला आणि सिरोंचाचा आदेश रद्द झाला. पण सिरोंचाची जागा रद्द झाली नव्हती. तिथे कोणीतरी जाणे भाग होते, म्हणून सिंधूताईंना बढती देऊन पाठवण्यात आले. त्यांचे यजमान कोराडीच्या विजेच्या कारखान्यात पाळीवर होते.

"आम्ही तसेही आठवड्यातून एकदाच जागेपणी भेटतो," डबा पिशवीत घालत त्या म्हणाल्या. "आता महिन्यातून भेटू. भांडणं कमी होतील."

मनोहररावांना त्यांची मनापासून दया आली. दया करायला त्यांना आता भरपूर सवड होती.

एप्रिलच्या उन्हात संगणक आला. सात खोकी होती. गाडीवाल्याने विचारले, "खोलून देऊ का?" मनोहरराव दोन्ही हात पसरून खोक्यांच्या आणि त्याच्या मधे उभे राहिले. यंत्रणा पूर्णपणे कार्यान्वित झाली, की पालक मोकळा, आणि पालक मोकळा झाला, की सिरोंचा. 'कार्यान्वित' या शब्दाची त्यांना भीती होती, पण 'पूर्णपणे' या शब्दावर त्यांचा भरवसा होता. शासनात आजवर काहीही पूर्णपणे झालेले नव्हते.

त्यांनी 'संगणक पायाभूत सुविधा आराखडा' लिहायला घेतला. त्याचे सूत्र साधे होते. यंत्र सुरू करण्यापूर्वी योग्य परिस्थिती निर्माण करावी, परिस्थिती निर्माण करण्यापूर्वी तिची पाहणी करावी, आणि पाहणी करण्यापूर्वी ती कोणी करावी याबाबत मुख्यालयाचे मार्गदर्शन मागवावे. मुंबईच्या मुख्यालयाला हा आराखडा फार आवडला. ज्या कामात विचारणा जास्त ते काम काळजीपूर्वक चालले आहे, असा तिथला अनुभव होता.

पहिला प्रश्न हवेचा निघाला. संगणकाला थंडावा लागतो, म्हणून वातानुकूलन यंत्राची मागणी गेली. उत्तर आले, की वातानुकूलन अधिकाऱ्यांच्या ठरावीक वेतनश्रेणीपासून पुढे देय आहे. तरी सदर संगणकाची वेतनश्रेणी कळवावी. मनोहररावांनी नम्रपणे कळवले, की संगणकास वेतन नाही. मुख्यालयाने विचारले, वेतन नाही तर तो कचेरीत कोणत्या हैसियतीने बसला आहे? हा पत्रव्यवहार एवढा रंगला, की साहेबही दुपारच्या चहाला 'आज काय आलं?' म्हणून विचारू लागले. अखेर वित्त शाखेने निर्णय दिला: पालकाची श्रेणी तीच पाल्याची. आणि अधीक्षकाच्या श्रेणीला नागपुरात उन्हाळ्यापुरता एक कुलर देय असल्याने संगणकास कुलर मंजूर झाला.

कुलर आला. वाळ्याच्या ताट्या, खाली पाण्याची टाकी, वर घरघरणारा पंखा. असा कुलर नागपुरात ज्याच्या घरी असतो त्याच्याकडे एप्रिल लागला, की सोयरे वाढतात. तो संगणकाच्या खोलीत बसताच कार्यालयातल्या प्रत्येकाला संगणकाविषयी ओढ वाटू लागली. आस्थापना शाखेने आपली टेबले आत आणली. लेखा शाखेने 'समन्वयासाठी' आणली. साहेबांनी आपली खुर्ची 'देखरेखीसाठी' आणली. चपला बाहेर काढायचा नियम झाला, कारण धुळीने यंत्र बिघडते. धूळ जाऊ नये म्हणून खिडक्यांना फळ्या ठोकल्या. मग आत दिवसा दिवे लागले आणि सगळे जण थंड अंधारात, अनवाणी, हलक्या आवाजात बोलत बसू लागले. बाहेरून आलेल्या माणसाला वाटे, कोणीतरी गेले.

अशात लेखापरीक्षण आले. लेखापरीक्षकांनी खोलीत पाऊल टाकले, क्षणभर डोळे मिटले, आणि मग कर्तव्याची आठवण होऊन उघडले.

"हा कुलर कोणाच्या नावे मंजूर आहे?"

"संगणकाच्या," मनोहरराव म्हणाले.

"आणि हवा कोणाला लागतेय?"

हवा त्या वेळी साहेबांना लागत होती. आक्षेप लिहिला गेला. शासकीय हवेचा अन्यत्र वापर. मनोहररावांनी त्याच दिवशी आक्षेपाचे निराकरण केले. सातही खोकी कुलरच्या अगदी तोंडाशी रचली. आता ओल्या वाळ्याची सगळी हवा आधी खोक्यांवर आदळे, त्यांना भिजवी आणि उरलीसुरली कर्मचाऱ्यांकडे येई. उरलेल्या हवेवर आक्षेप घेण्याची तरतूद नव्हती. संगणकाला असा कुलरचा वारा घालावा, हे जगात बहुधा नागपूरकरांनाच सुचले असते. ज्या गावात मे महिन्यात माणसाच्या प्रेमाचे मोजमाप ओल्या पंच्याने होते, तिथे यंत्रावर प्रेम करायची दुसरी रीत कोणाला ठाऊक असणार?

दुसरा प्रश्न अर्थिंगचा. वायरमनने अंगणात खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी, कोळसा आणि मीठ घातले, वर पाइप बसवला आणि सांगितले, "रोज एक बालटी पानी डालना. सूखा तो मशीन गया." मे महिन्यात नळ आटले. शिपाई धोंडबा एक बादली घेऊन मनोहररावांपुढे उभा राहिला.

"साहेब, एकच बकेट पानी आहे. माठात टाकू, कुलरमंदी टाकू का त्या गड्ड्यात टाकू?"

"खड्ड्यात."

"आन् मानसं?"

"माणसांना अर्थिंग लागत नाही, धोंडबा."

"पानी तं लागते नं!"

यावर मनोहररावांनी पाण्याच्या वाटपाचा अग्रक्रम ठरवून दिला: खड्डा, कुलर, साहेब, माणसे. कर्मचारी घरून बाटल्यांतून पाणी आणू लागले. काही जण येता-जाता आपल्या बाटलीतले घोटभर पाणी खड्ड्यातही घालीत. पुढे पुढे घालून हात जोडू लागले.

एक सरकारी लायसन-तपासनीसही येऊन गेला. त्या काळी घरी टीव्ही ठेवायचा तर लायसन लागे, आणि सात खोक्यांपैकी एकावर टीव्हीचे चित्र होते. "हा टीव्ही नाही, यात कार्यक्रम दिसत नाही," मनोहररावांनी समजावले. "आमच्याही घरच्या टीव्हीत दिसत नाही," तपासनीस म्हणाला, "पण लायसन आहे." तेव्हा लायसन काढण्यात आले. त्यासाठी खोके उघडून संचाचा नंबर बघावा लागला असता, म्हणून 'नंबर: यथावकाश' असे लिहून भागवले.

पहिला उन्हाळा असा गेला. पुढच्या मार्चमध्ये बदल्यांची यादी लागली. मनोहररावांनी ती वरून खाली आणि खालून वर वाचली. त्यांचे नाव नव्हते. घरी जाताना त्यांनी सीताबर्डीवरून अर्धा किलो जिलबी नेली.

"बढती झाली का?" प्रमोदिनीबाईंनी विचारले.

"काहीच नाही झालं!" मनोहरराव आनंदाने म्हणाले.

"हं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या.

संकट आले ते १९८५मध्ये. मुंबईहून संचालक तपासणीला येत आहेत, असा निरोप आला. मनोहररावांचा घास तोंडात फिरू लागला. संचालक म्हणाले, 'चालू करून दाखवा', तर? चालू झाला तरी सिरोंचा आणि नाही झाला तरी सिरोंचाच. ऐन मेमध्ये, भर दुपारी, संचालक विमानतळावरून थेट आले. त्यांनी चपला काढल्या, थंड अंधारात शिरले आणि साहेबांच्या खुर्चीत बसले. खोक्यांवर प्रमोदिनीबाईंनी शिवलेली पोपटांची झालर होती. संचालकांनी ती बोटाने उचलून पाहिली.

"बिघाड किती झाले आजवर?"

"एकही नाही, सर."

"कागद, शाई?"

"खर्च शून्य, सर."

"कर्मचाऱ्यांची तक्रार? संघटनेचा विरोध?"

"उलट सगळे याच खोलीत बसतात, सर. स्वखुशीने."

संचालकांनी झालर हलकेच खाली सोडली. "डांगरे, मी अख्खं राज्य फिरून आलो. जिथे जिथे मशिन सुरू केलं, तिथे तिथे रडगाणं. अमुक जळलं, तमुक अडकलं, माणूस शिकवला तर तो नोकरी सोडून गेला. तुमचं एकमेव ठिकाण असं, जिथे यंत्रणा शांत आहे." एवढे बोलून त्यांना तिथेच झोप लागली. तपासणी दोन तास चालली.

महिन्याभरात परिपत्रक निघाले. संगणक जतनाच्या 'नागपूर पद्धती'चा सर्व कार्यालयांनी अवलंब करावा. ठिकठिकाणी चालू असलेली यंत्रे बंद करून पुन्हा खोक्यांत भरण्यात आली. ज्यांची खोकी फेकली गेली होती त्यांना खोक्यांसाठी वेगळे अनुदान मिळाले. नागपूर पद्धतीची नियमावली लिहायचे काम अर्थातच मनोहररावांकडे आले आणि त्यांनी ती झटून लिहिली. 'न वापरलेली वस्तू, तिचे वय कितीही असले तरी, नवीच समजण्यात यावी' हे त्यातले प्रसिद्ध तिसरे कलम त्यांचेच. त्यांना उत्कृष्ट जतनाचे प्रशस्तिपत्र मिळाले. त्यांची मुलगी जया लग्न होऊन पुण्याला गेली. मनोहरराव रोज पाटावर बसत होते, गरम पोळी येत होती, 'हं' ऐकू येत होते. माणसाला आणखी काय पाहिजे?

माणसाला काही नको असले, तरी त्याला अठ्ठावन्न वर्षे पुरी होतात. १९८८च्या मे अखेरीस मनोहररावांचा निरोप समारंभ झाला. शाल, श्रीफळ, भाषणे. अध्यक्षस्थानी सिंधूताई होत्या. सिरोंचाला त्यांनी तीन वर्षे काढली, तिथून बढतीवर बढती घेत त्या परत आल्या होत्या आणि आता त्याच कार्यालयाच्या साहेब होत्या.

"सिरोंचाले त्रास झाला असंन," मनोहरराव श्रीफळ सांभाळत म्हणाले.

"कायचा त्रास? दोन नद्या मिळतात तिथं. मासोळी अशी, का विचारू नका. यांनी तं मागून तिकडे बदली मागितली होती, नाही भेटली." मग त्यांनी टेबलावरून एक कागद पुढे केला. "आता हे वाचा. आज सकाळी आलं."

कागदात लिहिले होते, की श्री. डांगरे हे अधीक्षकपदावरून वयोमानानुसार निवृत्त होत असले, तरी संगणक-पालकपदास वयोमर्यादा नाही; सबब, कलम सातनुसार, यंत्रणा पूर्णपणे कार्यान्वित होईपर्यंत त्यांना कार्यमुक्त करता येत नाही.

"हे कलम तं बदलीसाठी होतं!"

"मी विचारलं मुख्यालयाले. ते म्हणतात, सेवानिवृत्ती म्हणजे कचेरीतून घरी झालेली बदलीच आहे."

"मग मी करू काय?"

"रोज या. खड्ड्यात पाणी टाका. आन् गाव सोडू नका. नागपूरच्या बाहेर पाऊल टाकायचं असंन, तं मुंबईची परवानगी लागंन." सिंधूताईंचा चेहरा अतिशय गंभीर होता. "मनोहरराव, तुम्ही तं जिंकले. आता तुमची बदली मेल्यावरच."

पावसाळ्यात जयाला दिवस राहिल्याचे कळले. प्रमोदिनीबाई दिवाळीनंतर पुण्याला निघाल्या. नागपूर स्टेशनवर मनोहररावांनी खिडकीतून पाण्याची बाटली आत दिली.

"परवानगी मागितली आहे मी. आली, का येतोच."

"केव्हा मागितली?"

"ऑगस्टात."

"हं," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. गाडी सुटली.

बाळंतपण झाले. मग बाळाचे लसीकरण, मग जयाची नोकरी, मग बाळाला आजीची सवय. पुण्याहून परत यायचे कारण काही उरले नाही आणि पुण्याला जायची परवानगी काही आली नाही. मनोहरराव महाल भागातल्या एका खानावळीतून डबा आणू लागले. घरी एकट्यापुरता पाट मांडून बसणे बरे दिसेना, म्हणून ते स्वयंपाकघरात स्टोव्हच्या बाजूला बसून जेवीत. एका रात्री घास हातात धरून त्यांच्या ध्यानात आले, की समोर भिंत आहे. वरण पातळ होते. कोण कसा चुकला ते सांगायला आज त्यांच्याकडे चांगला मजकूर होता आणि चुकणारा माणूसही घरातलाच होता, पण 'हं' म्हणायला कोणी नव्हते. एवढ्यासाठी सिरोंचाला जायची गरज नव्हती. तिथे निदान मासोळी होती.

सकाळी त्यांनी निश्चय केला, की संगणक सुरू करायचा. पूर्णपणे.

मोठ्या खटपटीने एक तंत्रज्ञ मिळाला. तरुण होता आणि हिंदी बोलत होता. त्याने पोपटांची झालर बाजूला केली, पहिले खोके उघडायला हात लावला आणि खोके त्याच्या हातात आले. नुसता वरचा भाग. खालचा ओला पुठ्ठा जमिनीला चिकटला होता. आतून वाळ्याच्या काड्या निघाल्या, बुरशी निघाली, एक बेडूक निघाला आणि मग गंजलेला एक पत्रा निघाला.

"अंकल, ये कितने साल चला?"

"चालवला नाही."

"फिर खराब कैसे हुआ?"

"जपला," मनोहरराव म्हणाले.

तंत्रज्ञाने उरलेली खोकी उघडायची तसदी घेतली नाही. ज्या कंपनीने हे बनवले ती बुडाली आहे आणि असला माल आता कोणी भंगारातही घेत नाही, असे सांगून तो चहा पिऊन गेला. मनोहरराव धावत सिंधूताईंच्या खोलीत शिरले.

"निर्लेखन करा! निरुपयोगी म्हणून काढून टाका आन् मले मोकळं करा."

"मी का नाही म्हणते? सांगा, वापरून झिजला का?"

"नाही."

"आग, पूर, चोरी?"

"नाही, पण गंजला आहे नं! बेडूक निघाला आतून!"

"मनोहरराव, तुमचंच तिसरं कलम आहे. न वापरलेली वस्तू नवीच समजावी. नवी वस्तू मी भंगारात कशी काढू? माझ्या पगारातून कापतीन." सिंधूताईंनी चष्मा काढला आणि बऱ्याच वर्षांनी त्या त्यांच्याशी नरम आवाजात बोलल्या. "एकच रस्ता आहे. जो कोणी 'जसे आहे तसे, सुस्थितीत मिळाले' म्हणून सही करून ताबा घेईन, तो पालक. तुम्ही सुटले."

"असा मूर्ख कोण भेटंन?"

"मार्च येऊन राहिला. यादी लागू द्या."

यादी लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी मनोहरराव फाटकातून आत आले, तर व्हरांड्यापासून खड्ड्यापर्यंत माणसे उभी होती. भूजलवाले होते, शिक्षणवाले होते, तीन डॉक्टर होते. बायकाही होत्या. प्रत्येकाच्या खिशात एकेक बदलीचा आदेश. मनोहररावांना वाटले होते, आपल्याला आनंद होईल. पण सगळ्यांत पुढे रुपराव भोयर नावाचा भूजल खात्यातला जो तरुण उभा होता, त्याच्या हातात डबा होता, अजून गरम, आणि त्या डब्याकडे पाहून मनोहररावांचे मन फिरले. सुटायचे, पण खरे सांगून सुटायचे, असे त्यांनी ठरवले.

"ऐक गा," ते म्हणाले. "आत सहा खोके आहेत आन् सातव्याचं झाकण आहे. आत गंज आहे. हे मशिन कधी चालू झालं नाही, होणार नाही. सही केली, का तू यातून निघत नाहीस. म्हातारा होशील, इथं रोज बालटीभर पाणी टाकशील. बायको लेकीकडे जाईन, तुले जाता येणार नाही. तू घरात बसून भिंतीसंग जेवशील. समजलं? मी जेवून राहिलो. मी सांगून राहिलो तुले."

रुपराव शेवटपर्यंत मान हलवत ऐकत होता. त्याच्या डोळ्यांत मनोहररावांविषयी खरोखरच कणव होती.

"काका, एक विचारू?"

"विचार."

"बदली तं नाही होत नं?"

"नाही होत."

"मग सही कुठं करू?"

सही झाली. धोंडबाने शिक्का मारला. मागच्या रांगेत खळबळ माजली. एकच जागा होती तर आम्हाला उन्हात उभे का केले, असा सवाल एका डॉक्टरने केला. तेव्हा सिंधूताई दारात आल्या आणि त्यांनी हात वर केला.

"गडबड करू नका. खोके सात आहेत, त्याले सात पालक लागतीन. कुलर आहे. कुलरची टाकी वेगळी आहे. टीव्हीचं लायसन आहे, सरकारनं लायसनं बंद केली तरी त्याचं नूतनीकरण होऊन राहिलं. खिडक्यांच्या फळ्या आहेत. अर्थिंगचा गड्डा आहे, गड्ड्याचा पाइप आहे. सर्वांची सोय होईन. फक्त, भाऊ, ताई, तुम्हाले यांनी आत्ता जे सांगितलं ते ऐकू आलं नं? पुन्हा सांगायला लावू का?"

"ऐकलं, ऐकलं," मागून आवाज आला. "जरा लवकर आटपा नं मॅडम, टपाल निघायच्या आत आदेश पोचला पाहिजे."

मनोहरराव केव्हा फाटकाबाहेर पडले आणि पुण्याच्या वाटेला लागले ते कोणी पाहिले नाही. रांगेतल्या आपल्या सगळ्यांचे डोळे समोर होते. खोकी संपली. कुलर गेला, टाकी गेली, लायसन गेले. पाइपावर दोघांचा वाद झाला आणि तो अर्धा-अर्धा वाटून मिटला. खड्डा अजून शिल्लक होता.

रांग एक पाऊल पुढे सरकली. मागून कोणी ढकलले नव्हते. आपण आपल्याच पायांनी सरकलो.